गौताळ्याचं रान आणि औट्रमचं नाव

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही नेहमीच्या श्रोत्यांनी विचारलं, की इतिहासाच्या मालिकेत हे अभयारण्य कुठून आलं? यादव, निजामशाही, मलिक अंबर हे समजू शकतो. पण गौताळा? तिथं तर लोक धबधबे बघायला जातात.

प्रश्न रास्त आहे. श्रावण-भाद्रपदात रविवारी सकाळी संभाजीनगरातून गाड्या निघतात, साठेक किलोमीटरवर कन्नड येतं, हिवरखेड्याच्या बाजूनं आत शिरलं की डोंगर हिरवेगार, ढग खाली उतरलेले, पोरं भिजतायत, कणसं भाजली जातायत. जायलाच पाहिजे असं ठिकाण आहे, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण या अभयारण्याचं पूर्ण नाव फाटकावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं ते कधी नीट वाचलंय का? ‘गौताळा औट्रम घाट अभयारण्य’. पहिला शब्द आपला. लोक तो गौतम ऋषींशी जोडतात, कुणी ‘गवत’ या शब्दाशी जोडतात. दुसरा शब्द मात्र एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं आडनाव आहे. त्याला आपण ‘औ’ लावल्यामुळे ते इतकं घरचं वाटतं की कुणी थबकत नाही. आपल्या शहराच्या नावावर केवढ्या चर्चा झाल्या, सभा झाल्या, कोर्टकज्जे झाले. घाटाच्या नावाकडे कुणी मान वर करून बघितलं नाही. आज आपण तेवढंच करणार आहोत. नाव बदला असं सांगायला आम्ही आलेलो नाही. ते तिथं कसं आलं, आणि ते येताना कुणाची नावं मागं राहिली, हे बघायचंय.

आधी एक शब्द. आपल्या मराठवाड्यात कुणी म्हणालं, ‘बाबा रानात गेलेत’, तर ते जंगलात गेलेत असं कुणी समजत नाही. शेतात गेलेत असा अर्थ. रान म्हणजे वावरही आणि रान म्हणजे झाडीही. रानडुक्कर, रानभाजी, रानात भाकरी नेणं, सगळं एकाच शब्दात बसतं. म्हणजे या भाषेला शेत आणि जंगल यांच्यामध्ये पक्की रेघ ओढण्याची गरज कधी वाटली नाही. माणूस सकाळी नांगर धरायचा, दुपारी गुरं डोंगरात सोडायचा, उन्हाळ्यात मोह वेचायचा. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे कायद्यानं नेमकी हीच रेघ ओढली.

आता या डोंगराकडे येऊ. अजिंठ्याची रांग, हिलाच सातमाळा म्हणतात. वर मराठवाड्याचं पठार, खाली खानदेशचं मैदान, आणि मध्ये हा कडा. आपल्याला वाटतं की हा डोंगर म्हणजे दोन मुलखांमधली भिंत आणि भिंतीवर उगवलेलं जंगल. पण जुने लोक त्याच्याकडे भिंत म्हणून बघत नव्हते. त्यांच्या दृष्टीनं ही वाट होती. दक्षिणेकडून पैठण, मग पुढं वेरूळ, कन्नड, घाट, खाली खानदेश, आणि तिथून उत्तरेला.

याचा पुरावा याच जंगलात आहे. पितळखोरा. वेरूळपासून साधारण ४० किलोमीटरवर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली बौद्ध लेणी. दरीत उतरून गेल्याशिवाय ती दिसतच नाहीत. दगड ठिसूळ असल्यामुळे पडझड खूप झाली, त्यामुळे अजिंठा बघून आलेला माणूस इथं निराश होतो. त्यानं खांबावरचे लेख विचारावेत. एका खांबाचा दाता आहे मितदेव, गंधिक कुळातला, राहणार पतिठाण. म्हणजे आपलं पैठण. गंधी, अत्तराचा-सुगंधी मालाचा व्यापारी. दुसरे दाते संघकाचे मुलगे, तेही पैठणचे. आणखी एक आहे मगिल, वच्छीचा मुलगा, राजवैद्य. बापाचं नाव न देता आईचं नाव दिलंय, ती त्या काळची रीत होती. आता विचार करा, पैठणचा अत्तरवाला आणि राजाचा वैद्य या दरीत खांबाला पैसे का देतो? कारण तो इथून जात असतो. त्याचा माल इथून जात असतो. आपल्याला जे घनदाट, निर्जन, ‘निसर्गाच्या कुशीत’ वगैरे वाटतं, ते तेव्हा वर्दळीच्या रस्त्यावरचं ठिकाण होतं.

पितळखोऱ्याच्या साफसफाईत, १९५० च्या दशकात, एक यक्षाची मूर्ती सापडली. ठेंगणा, गुबगुबीत, हसरा यक्ष. त्याच्या तळहातावर कारागिराचं नाव कोरलंय: कण्हदास, हिरण्यकार. सोनार होता तो. एवढ्या जुन्या काळातला शिल्पकार स्वतःचं नाव सांगतो हे आपल्याकडं फार दुर्मिळ. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

घाटाच्या पायथ्याला, चाळीसगाव तालुक्यात, याच अभयारण्यात पाटणादेवी. तिथं चंडिकेचं देऊळ आहे, भाविक भरपूर येतात. तिथल्या देवीच्याच देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (आळंदीचे-पुणतांब्याचे योगी चांगदेव नव्हेत, हा सिंघण यादवाच्या दरबारचा ज्योतिषी) यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात, पण शेवटी मराठी येते. कुठं येते बघा: बाजारात येणाऱ्या मालातला कोणता वाटा मठाला द्यायचा, हे सांगताना. व्यापाऱ्याला आणि तेल्याला कळलं पाहिजे ना! म्हणजे १२०७ साली या जंगलाच्या तोंडाशी बाजार होता, गणिताची शाळा होती, आणि मराठीत कर लावला जात होता.

आणखी पुढं आलो तर अंतूर किल्ला. त्याच्या वाटेवर निजामशाही काळातला एक चौकोनी दगडी खांब आहे, फारसी लेखाचा. एका बाजूला दौलताबाद आणि अहमदनगर, एका बाजूला चाळीसगाव, एका बाजूला बऱ्हाणपूर. चौकातला दिशादर्शक फलकच तो. जिथं चार दिशांचे रस्ते फुटतात तिथं असा खांब लावतात. ओसाड रानात कोण कशाला लावेल?

मग हे रान ‘ओसाड’ झालं कधी? आणि धोक्याचं कधी झालं? इथं आपल्याला भिल्लांकडे यावं लागतं.

मराठेशाहीत या डोंगराच्या पायथ्याच्या कित्येक गावांत भिल्ल हे जागले होते. गावाची राखण करायची, चोरी झाली तर माग काढायचा, आणि त्याबद्दल गावकीकडून धान्याचा हक्क घ्यायचा. घाटातल्या वाटा त्यांच्या नाईकांच्या हाती. वाटेनं जाणाऱ्याकडून ते कर घेत आणि सुरक्षित पलीकडे पोचवत. ही व्यवस्था सुरळीत चालली तेव्हा चालली. मग १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावंच उठली. आता गावच नाही तर राखण कसली आणि हक्क कोण देणार? भिल्ल डोंगरात गेले आणि लुटीवर जगू लागले. त्यावर पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी जे केलं ते आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसं सांगत नाहीत. बोलणी करायची म्हणून बोलावून घ्यायचं आणि कत्तल करायची. कोपरगावची कत्तल सगळ्यात कुप्रसिद्ध, लोकांना मारून विहिरींत टाकलं. इंग्रजी कागदांत आकडा हजारांत येतो. आकडा फुगवलेला असू शकतो. इंग्रजांना आपण आधीच्यांपेक्षा बरे हे दाखवायचंच होतं. पण विश्वासघात झाला होता आणि तो भिल्लांच्या आठवणीत ताजा होता, हे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून कळतं.

१८१८ ला खानदेश इंग्रजांकडे आला. पहिले काही वर्षं त्यांनीही जुनंच केलं. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं घाटांच्या तोंडाशी चौक्या बसवल्या, डोंगरातलं धान्य तोडलं, शरण येणाऱ्या नाईकांना तैनात देऊ केली आणि न येणाऱ्यांच्या मागं पलटणी पाठवल्या. सातमाळ्यातला चील नाईक पकडला गेला आणि त्याला फाशी दिलं. हे नाव, चील नाईक, आज पहिल्यांदा ऐकलं असेल तर त्यात तुमचा दोष नाही. ते कुठल्याही पाटीवर नाही. याच रांगेत, १८१९ च्या एप्रिलमध्ये, जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळातला अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्यानं दहाव्या लेण्यात खांबावर स्वतःचं नाव कोरलं. ते मात्र आपल्या सगळ्यांना माहीत आहे!

पलटणी पाठवून जमेना. डोंगरात तापानं शिपाई मरत होते. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२५ मध्ये धोरण बदललं. दोन कलमी धोरण. एक, भिल्लांना जमीन द्या, बैल-नांगर-बियाणाला तगाई द्या, त्यांचे जुने हक्क लिहून घ्या. दुसरं, त्यांच्यातल्याच माणसांची पलटण उभी करा. पहिलं काम करणारा अधिकारी आपल्या कन्नडला बसला, कॅप्टन चार्ल्स ओव्हान्स. हे नाव ओळखीचं वाटेल. पुढं हाच साताऱ्याला रेसिडेंट झाला आणि १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढण्यात त्याचा मोठा हात होता. दुसरं काम, पलटणीचं, बावीस वर्षांच्या लेफ्टनंट जेम्स औट्रमकडे आलं. हेच ते पाटीवरचं नाव.

औट्रम १८०३ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात जन्मला. बाप बेंजामिन औट्रम इंजिनियर, कालवे आणि घोड्यांनी ओढायचे लोखंडी रूळमार्ग बांधणारा. तो १८०५ मध्ये वारला, घर कर्जात बुडालं, आई पोरांना घेऊन स्कॉटलंडला गेली. सोळाव्या वर्षी पोरगा कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात. खानदेशात आल्यावर त्यानं केलं काय, तर पकडलेल्या भिल्लांनाच हाताशी धरलं, त्यांच्या माणसांत एकटा राहायला गेला, त्यांच्याबरोबर शिकारी केल्या, त्यांच्या जेवणावळीत बसला. हा आपल्याला फसवून एकत्र करतोय आणि मग कापून काढणार, अशी अफवा पहिल्या दिवसांत होती. कोपरगाव आठवलं की ती अफवा वेडेपणाची वाटत नाही. पण तो टिकला. खानदेश भिल्ल पलटण धरणगावला उभी राहिली आणि १८९१ पर्यंत चालली. औट्रम १८३५ पर्यंत इथं होता. पुढं सिंध, मग १८५७ ला लखनौ, ‘सर’ झाला, १८६३ मध्ये वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. कोलकात्यातही हुगळीकाठी एक औट्रम घाट आहे, तो नदीचा. आपला डोंगराचा.

हा माणूस खलनायक होता असं आम्ही म्हणणार नाही. कत्तलीपेक्षा तगाई बरी, यात शंका कसली? पण व्यवहार काय झाला तो नीट बघितला पाहिजे. भिल्लांना हक्काच्या बदल्यात पगार मिळाला. वाटेवरचा त्यांचा अधिकार गेला आणि त्याच वाटेवर पहारा देण्याची नोकरी मिळाली. पूर्वी घाट नाईकाचा होता, आता तो सरकारचा झाला आणि नाईकाचा मुलगा त्यावर शिपाई झाला. शिवाय ज्यांनी पलटणीत जायचं नाकारलं, त्यांच्या मागावर पलटणीतले त्यांचेच भाऊबंद गेले. याला इंग्रजीत ‘शांतता प्रस्थापित करणं’ म्हणत. शांतता झाली, खरं आहे. किंमत कुणी दिली तेही खरं आहे.

किंमत दिली त्यांत वाघही होते. औट्रमच्या चरित्रात हिशेब दिलाय: खानदेशातल्या त्या दहा वर्षांत १९१ वाघ मारले गेले तेव्हा तो स्वतः हजर होता. १९१! शिवाय अस्वलं, बिबटे वेगळे. शिकार हेच भिल्लांशी मैत्रीचं साधन होतं, आणि वाघ कमी झाले की शेती वाढते, महसूल वाढतो, हाही सरकारी हिशेब होताच. त्यानंतरही शंभर वर्षं शिकारी चालूच राहिल्या. मग या रानातून वाघ संपला. २०२१ च्या मार्चमध्ये वन विभागाच्या कॅमेऱ्यात इथं एक वाघ दिसला तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली, कारण कित्येक दशकांनी तो दिसत होता. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आला होता म्हणे. कुठून कुठं! शेतांतून, रस्ते ओलांडून. त्याच्यासाठी रान आणि वावर यांच्यात रेघ नसावी.

रेघ कायद्यानं ओढली असं मघाशी म्हणालो. १८७८ चा वनकायदा. खाली खानदेशात, इंग्रजी मुलखात, जंगलं ‘राखीव’ झाली. राखीव म्हणजे त्यातले जुने हक्क एक तर नोंदवले जाणार किंवा संपणार. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याचे बहुधा संपणार. वर निजामाच्या संस्थानाचं वनखातं वेगळं, नियम वेगळे. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन सरकारं. गुरं चारणाऱ्याला कड्याच्या टोकावर देश बदलत होता. १९४८ ला हैदराबाद संस्थान विलीन झालं, १९६० ला महाराष्ट्र, आणि १९८६ मध्ये सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य जाहीर झालं. जंगल त्यामुळे वाचलं, हे मान्यच केलं पाहिजे. साग, धावडा, सालई, अंजन, पळस, मोह आज उभे आहेत ते उगीच नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क पुन्हा मोजायला सुरुवात केली. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, आज इथंच सोडतो. जाता जाता एवढंच, की ज्या सीताफळाला आपण इथलं अस्सल रानफळ समजतो ते मुळात अमेरिका खंडातलं.

आता थोडं सातासमुद्रापार जाऊ. औट्रम जन्मला त्या डर्बीशरला लागून नॉटिंगहॅमशर परगणा आहे आणि तिथं शेरवुडचं जंगल. लोक सुटीच्या दिवशी डबे घेऊन जातात, ओकची म्हातारी झाडं बघतात, अगदी आपण गौताळ्याला जातो तसंच. ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा मूळ इंग्रजी अर्थ झाडी असा नव्हताच. राजाच्या शिकारीसाठी राखलेला आणि वेगळ्या कायद्याखाली आणलेला मुलूख म्हणजे फॉरेस्ट. हरीण मारलं तर जबर शिक्षा. लोकांनी त्याविरुद्ध इतकी ओरड केली की १२१७ मध्ये राजाला वनसनद काढावी लागली: गुरंडुकरं चारण्याचे, सरपण घेण्याचे लोकांचे हक्क परत. आपल्या पाटणच्या शिलालेखानंतर दहाच वर्षांनी. ज्या देशानं ही भांडणं सहाशे वर्षं आधी केली, त्यानंच ‘राखीव’ हा शब्द इथं आणला.

आणि शेरवुड आज कुणाच्या नावानं ओळखलं जातं? रॉबिन हूडच्या. तो खरा होता की लोककथेतला, हा वाद इंग्रज आजही घालतात. पण गोष्ट कायदा मोडणाऱ्याची, वाटेवर धनिकांना अडवणाऱ्याची. त्याला पकडायला निघालेला नॉटिंगहॅमचा शेरीफ गोष्टीत खलनायक आहे. पर्यटक रॉबिन हूडचा म्हणून सांगितलेला ओक बघायला जातात. त्या ओकलाही नाव मात्र एका मेजरचं आहे, मेजर हेमन रूक यांनी १७९० मध्ये त्या झाडांवर पुस्तक लिहिलं म्हणून. म्हणजे लष्करी माणसं तिथंही झाडावर नाव लावून गेलीच! पण जंगल रॉबिनचंच राहिलं. आपल्या रानात उलटं झालं. वाट अडवणारा चील नाईक फासावर गेला आणि पुसला गेला. शेरीफचं नाव घाटाला लागलं, मग घाटावरून अभयारण्याला.

यात सगळा दोष इंग्रजांचा नाही. चील नाईकाबद्दल जे काही लिहून राहिलंय ते इंग्रजांच्याच कागदांत: कॅप्टन ग्रॅहम यांची भिल्लांवरची १८४३ ची टिपणं, खानदेशचं गॅझेटियर, १९१२ मधलं सिमकॉक्स यांचं भिल्ल पलटणीवरचं पुस्तक. पकडणाऱ्यांनी निदान पकडलेल्याचं नाव लिहून ठेवलं. आपल्या बखरकारांना तेवढंही वाटलं नाही. सातमाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर म्हाताऱ्यांकडून गाणी, नाईकांच्या कहाण्या लिहून घेण्याचं काम पन्नास वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. अजूनही करता येईल. ऐकणाऱ्यांपैकी कुणी कन्नड, नागद, चाळीसगाव भागातले असतील, आणि घरात किंवा शेजारी असं काही सांगणारं माणूस असेल, तर मोबाइलवर आवाज भरून ठेवा, गावाचं नाव आणि तारीख बोलून ठेवा. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही.

आणि पावसाळ्यात जाणार असाल तर घाट कोंडलेला नाही ना हे आधी विचारून घ्या, तिथली वाहनांची रांग हा वेगळाच इतिहास होत चाललाय. पितळखोऱ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, ओढ्याला पाणी असलं तर चौकीदाराला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. खाली उतरलात तर यक्ष शोधू नका, तो दिल्लीत आहे. खांबांवर मात्र वेळ घालवा, पैठणचा अत्तरवाला तिथं आहे. पाटणादेवीला गेलात तर देवीच्या दर्शनानंतर तिथला शिलालेखही विचारा.

आता प्रश्न घेऊ.